कोऱ्या तक्त्यावरच्या सह्या

भाची चार दिवस राहायला आली होती. ती कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे स्ट्रासबुर्गला जायचं म्हटल्यावर तिला कॅथेड्रलच्या आधी मानवी हक्क न्यायालय बघायचं होतं. मी राहते केलला, ऱ्हाईनच्या जर्मन काठावर. समोरचा काठ फ्रान्सचा, तिथेच स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून पुलावरून थेट ट्राम जाते, तेव्हापासून दुसऱ्या देशात जाऊन येण्याचं मला काही वाटेनासं झालंय.

मधे ट्राम बदलून आम्ही 'द्र्वा द लोम' या थांब्यावर उतरलो. म्हणजे 'मानवी हक्क'. थांब्याचं नावच ते. भाचीनं आधी पाटीचा फोटो काढला, मग समोरच्या भल्यामोठ्या इमारतीचा, मग तिच्यापुढच्या निळ्या झेंड्याचा. बारा सोनेरी तारे.

"मावशी, युरोपियन युनियन ती हीच ना?"

"झेंडा तोच आहे. घर वेगळं आहे."

हा घोटाळा करणारी ती पहिली नव्हे. इथे राहायला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मीही बिनधास्त तेच समजत होते. समोर होतं ते पॅले द ल्युरोप, म्हणजे युरोप परिषदेचं मुख्यालय. ही परिषद युनियनपेक्षा जुनी आहे. ५ मे १९४९ रोजी लंडनमध्ये १० देशांनी ती स्थापन केली, आज तिच्यात ४६ देश आहेत. युनियनमध्ये २७, आणि ते सगळेच्या सगळे परिषदेतही आहेत. झेंडा मुळात परिषदेचा, १९५५ सालचा. तीस वर्षांनी तो युनियनच्या आधीच्या अवतारानं घेतला. राष्ट्रगीतासारखी वाजणारी बेथोव्हनची धूनही तशीच, परिषदेनं १९७२ मध्ये स्वीकारलेली आणि नंतर तिकडे गेलेली. एवढंच कशाला, १९९९ मध्ये स्वतःची इमारत उघडेपर्यंत युनियनची युरोपीय संसद स्ट्रासबुर्गला याच पॅलेच्या सभागृहात भरायची. झेंडा उसना, गाणं उसनं, बसायच्या खुर्च्याही उसन्या. आणि आता गंमत अशी की मूळ मालकालाच लोक विचारतात, तुम्ही त्यांचा झेंडा का लावलाय?

मराठी बातम्यांत तर विचारूच नका. युरोप परिषद ही ४६ देशांची. युरोपीय परिषद ही युनियनच्या २७ देशांच्या प्रमुखांची बैठक. शिवाय युनियनच्या मंत्र्यांची आणखी एक परिषद आहेच. तिन्हींना सरसकट 'युरोपियन कौन्सिल' म्हणून टाकतात. मी या लेखात 'परिषद' म्हणेन तेव्हा स्ट्रासबुर्गची, ४६ देशांची, एवढं ध्यानात ठेवा.

तिसरी संस्था व्हिएन्नात बसते. युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटना, ओएससीई. शीतयुद्ध चालू असताना १९७५ मध्ये हेलसिंकीला ३५ देशांनी सह्या केल्या, तिथून तिचा उगम. आज ५७ देश आहेत, त्यांत अमेरिका आणि कॅनडा आहेत, मंगोलिया आहे आणि रशियाही आहे. निवडणुकांवर नजर ठेवणारं तिचं कार्यालय वॉर्साला आहे. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून 'ओडिर' म्हणतात. उच्चार जवळजवळ 'ओ डिअर', म्हणजे 'अरे देवा'. ज्या कामाला तिथले लोक जातात, त्याला शोभणारं नाव आहे.

हे सगळं मी तिला ओरांजरी बागेच्या बाकावर बसून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लोकशाही आणि मानवी हक्क हेच काम तीन संस्था करतात. मग एकच का नाही करून टाकत? किती पैसे वाचतील!"

अगदी माझाच प्रश्न. मी हिशेबनीस आहे. केलच्या बंदरातल्या एका मालवाहतूक कंपनीची खाती गेली १९ वर्षं लिहिते. एकाच मालाच्या तीन नोंदी दिसल्या की माझ्या डोक्यात पहिली शंका येते ती कोणीतरी तिनदा पैसे उचलल्याची. या संस्थांबद्दलही माझं तेच मत होतं, आणि मी ते इथल्या ओळखीच्या लोकांना ऐकवतही असे. ते बदललं एका मतमोजणीच्या रात्री.

जर्मन पासपोर्ट मिळाल्यानंतर मी बर्लिनच्या त्सिफ या संस्थेकडे नाव नोंदवलं होतं. निवडणूक निरीक्षक म्हणून जर्मनीच्या वतीनं लोक पाठवायचं काम ती करते. ओडिर निरीक्षकांची मागणी देशांकडे करतं, आणि पाठवणारा देश आपल्या माणसांचा खर्च उचलतो. आजवर मी तीनदा गेले. देशाचं नाव सांगणार नाही. जाताना आचारसंहितेवर सही केलेली असते, आणि सहीच्या बाबतीत मी जरा कर्मठ आहे. का, ते पुढे येईलच.

कामाची रचना अशी. ओडिरचं मुख्य पथक साधारण दीड-दोन महिने आधी राजधानीत ठाण मांडतं. त्यात कायद्याचा माणूस, माध्यमांवर नजर ठेवणारा, मतदार याद्यांचा जाणकार, आकडेवारीवाला असे सगळे असतात. दीर्घकालीन निरीक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत पसरतात. आणि मतदानाच्या तीन-चार दिवस आधी आमच्यासारखे शेकड्यांनी येतात. आम्हाला जोडीनं पाठवतात, आणि जोडीतले दोघं कधीही एकाच देशाचे नसतात. बरोबर एक दुभाषी, एक ड्रायव्हर आणि दिवसभरात भेट द्यायच्या दहाएक केंद्रांची यादी.

याच सुमाराला खासदारांची शिष्टमंडळं उतरतात. परिषदेची संसदीय सभा, जिला सगळे 'पेस' म्हणतात, तिची माणसं. ओएससीईचीही स्वतंत्र संसदीय सभा आहे, तिची. युरोपीय संसदेची. कधी नाटोच्या संसदीय सभेचीही. हे लोक मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत माहिती ऐकतात, मतदानाच्या दिवशी केंद्रं फिरतात आणि आमच्यासारखेच फॉर्म भरतात. युनियन आफ्रिकेत, आशियात, लॅटिन अमेरिकेत निरीक्षणाची स्वतःची पथकं पाठवते. ओएससीईच्या ५७ देशांत मात्र पाठवत नाही. तिथे ओडिर आहे म्हणून तिनं ते अंगण ओडिरकडे सोडलंय, आणि युरोपीय संसदेचे खासदार ओडिरच्याच मांडवात येऊन बसतात. माझ्यातल्या हिशेबनिसाला ही वाटणी आवडली. मधे घडलेलं बाकीचं फारसं आवडलं नव्हतं. तीन बसमधून तीन संस्थांचे लोक एकाच हॉटेलात उतरतात आणि नाश्त्याच्या वेळी एकमेकांचे बिल्ले वाचत बसतात, हे बघून मी मनातल्या मनात बेरजा करत होते.

तर ती रात्र.

गाव छोटं होतं, केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत. माझा जोडीदार नॉर्वेचा होता, निवृत्त वनाधिकारी, बोलायला अत्यंत कमी. आठ वाजता दारं बंद झाली. केंद्राध्यक्षा त्याच शाळेतल्या शिक्षिका होत्या, पहाटेपासून उभ्या. मतपेटी उघडायच्या आधी काही गोष्टी क्रमानं व्हायला लागतात. उरलेल्या मतपत्रिका मोजून बाद करायच्या, यादीवरच्या सह्या मोजायच्या, ते आकडे निकालाच्या तक्त्यात सगळ्यांसमोर शाईनं लिहायचे, आणि मग पेटीला हात लावायचा. कारण उघड आहे. पेटीतून किती निघायला हवं हे आधी कागदावर पक्कं झालं नसेल, तर नंतर ताळा कशाशी घालणार?

मी तक्त्याकडे बघितलं. चार प्रती टेबलावर मांडलेल्या. आकड्यांचे रकाने सगळे कोरे. खाली समितीच्या सातही सदस्यांच्या सह्या.

माझ्या पोटात खड्डाच पडला. कोऱ्या चेकवर सही केलेली मी एकदाच पाहिली होती आयुष्यात, आणि त्या माणसाला नोकरी गमवावी लागली. मी दुभाष्याकडे वळून काही बोलणार, एवढ्यात नॉर्वेकरानं माझ्या बाहीला हलकेच हात लावला. निरीक्षकानं बघायचं असतं, विचारायचं असतं, पण चूक दुरुस्त करायची नसते. टोकायचंही नसतं. मी तोंड मिटलं. मग सरळ प्रश्न विचारला, "या सह्या केव्हा झाल्या?" बाई म्हणाल्या, "सकाळीच. रात्री सगळे दमलेले असतात, कोणी घरी निघून गेलं तर सही राहते." अगदी निर्मळपणे म्हणाल्या. मला आजही वाटतं, त्या खरं बोलत होत्या.

मोजणी झाली. यादीवर ६१२ सह्या, पेटीतून ६१५ मतपत्रिका. पुन्हा मोजल्या, पुन्हा ६१५. एका पक्षाचा एजंट म्हणाला, "आधी पेन्सिलीनं लिहा." बाईंनी पेन्सिल घेतली. मग कोणाला तरी फोन झाला, बाहेर व्हरांड्यात, आमच्या कानावर येणार नाही असा. आत आल्यावर सह्यांचा आकडा ६१५ झाला होता. तक्त्याचा ताळा आता सुरेख जुळत होता.

मी १९ वर्षं जुळलेले ताळे बघतेय. जुळवलेला ताळा कसा दिसतो तेही ओळखते.

गाडीत बसून आम्ही फॉर्म भरला. त्या वेळी फॉर्म भरायला एक खास पेन असायचं, टोकाशी कॅमेरा असलेलं. बारीक ठिपके छापलेल्या कागदावर लिहिलं की ते पेन लिहिलेलं टिपून घ्यायचं आणि तिथूनच राजधानीला पाठवायचं. नंतरच्या खेपेला टॅब्लेट आले. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो: एकूण मोजणी कशी झाली? खूप चांगली, चांगली, वाईट, खूप वाईट. मी म्हटलं, खूप वाईट. नॉर्वेकर म्हणाला, वाईट. त्याचं म्हणणं असं की त्यांनी आपल्याला सगळं बघू दिलं, कोणी धमकावलं नाही, तीन मतांनी निकाल बदलत नाही. माझं म्हणणं, प्रश्न तीन मतांचा नाहीच, कोऱ्या तक्त्यावरच्या सह्यांचा आहे. गाडीच्या आतल्या मिणमिणत्या दिव्याखाली रात्री दीड वाजता आम्ही वीस मिनिटं भांडलो. ड्रायव्हर झोपून गेला. शेवटी 'वाईट'वर खूण केली, आणि टिप्पणीच्या रकान्यात सह्यांचा, पेन्सिलीचा, फोनचा सगळा तपशील मी माझ्या शब्दांत घातला. शेऱ्यात तो जिंकला, तपशिलात मी.

दुसऱ्या दिवशी राजधानीत नेमकं हेच मोठ्या टेबलावर झालं असणार हे माझ्या मागाहून लक्षात आलं. मतदानानंतरच्या दुपारी पत्रकार परिषद असते, आणि तिच्यात सगळ्या संस्था मिळून एकच प्राथमिक निवेदन देतात. त्यासाठी आदल्या रात्री शिष्टमंडळांचे प्रमुख एका खोलीत बसतात. ओडिरकडे दोन महिन्यांची टिपणं आणि आमच्या शेकडो फॉर्मांचे आकडे असतात. खासदारांकडे राजकीय वजन असतं, आणि पत्रकार त्यांची नावं ओळखतात. वाक्यावाक्यावर ओढाताण होते. 'मुक्त आणि न्याय्य' हे शब्द तर ओडिर वापरतच नाही. पास-नापास सांगण्याऐवजी कुठल्या अटी पाळल्या आणि कुठल्या नाही ते सांगतं. लोक यावर वैतागतात. मी नाही वैतागत. लेखापरीक्षकही कंपनी चांगली की वाईट हे सांगत नसतो, खाती खरी आहेत का तेवढं सांगतो.

सगळं जमून आलं तर काय होतं, याचं माझ्या मते उत्तम उदाहरण म्हणजे तुर्कस्तान, २०१७. सगळे कार्यकारी अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या हाती देणाऱ्या घटनादुरुस्तीवर १६ एप्रिलला सार्वमत होतं. मार्चमध्येच व्हेनिस आयोगानं त्या दुरुस्तीवर अभिप्राय दिला की हे लोकशाहीच्या दृष्टीनं धोकादायक मागे जाणं आहे. व्हेनिस आयोग म्हणजे परिषदेचं घटनातज्ज्ञांचं मंडळ, १९९० मध्ये स्थापन झालेलं. प्राध्यापक, न्यायाधीश अशी माणसं वर्षातून चारदा व्हेनिसमधल्या एका जुन्या वास्तूत जमतात आणि देशोदेशींच्या कायद्यांची चिरफाड करतात. तर आयोगानं मसुदा तपासला. मतदान ओडिर आणि पेस यांनी मिळून बघितलं. मतदानाच्या दिवशीच तिथल्या निवडणूक मंडळानं अधिकृत शिक्का नसलेल्या मतपत्रिकाही ग्राह्य धरायचं ठरवलं, मोजणीच्या तोंडावर. १७ एप्रिलच्या निवेदनात दोन्ही संस्थांनी एका सुरात सांगितलं की दोन्ही बाजूंना समान संधी नव्हती, आणि शिक्क्याचा नियम ऐन वेळी बदलल्यानं गैरप्रकाराविरुद्धचा एक महत्त्वाचा आडोसा निघून गेला. २५ एप्रिलला पेसनं तुर्कस्तानला पुन्हा पूर्ण देखरेखीखाली घेतलं. जुलैमध्ये युरोपीय संसदेनं ठराव केला की ही दुरुस्ती जशीच्या तशी अमलात आली तर सदस्यत्वाच्या वाटाघाटी थांबवा. अंकारानं सगळं फेटाळलं, दुरुस्ती लागूही झाली. पण रोजकीर्दीतली एक नोंद खतावणीत गेली, तिथून तेरजेत, तिथून ताळेबंदात, आणि कुठेही खाडाखोड नाही. कागद असा असला की वीस वर्षांनीही उघडून दाखवता येतो.

आता उलटं उदाहरण, आणि माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. बाकू, ऑक्टोबर २०१३. अझरबैजानची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. ओडिरच्या निरीक्षकांनी बघितलेल्या मोजण्यांपैकी ५८ टक्के 'वाईट' किंवा 'खूप वाईट' निघाल्या. ५८ टक्के! म्हणजे आमच्यासारख्या जोड्यांनी रात्री गाडीत बसून भरलेले फॉर्म. आणि ओडिरनं हे सांगितलं त्याच दिवशी पेस आणि युरोपीय संसदेच्या शिष्टमंडळांनी वेगळं निवेदन काढलं: मतदानाच्या सुमारास आम्हाला मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक प्रक्रिया दिसली. एकच निवडणूक आणि दोन निकाल. सरकारला कुठला कागद चौकटीत लावावासा वाटला असेल हे सांगायला नको.

पण पुढचं बघा. दोनच आठवड्यांत युरोपीय संसदेनं आपल्याच शिष्टमंडळाला बाजूला ठेवून आपल्या ठरावात ओडिरचा निष्कर्ष उचलून धरला. पेसमध्ये अझरबैजानच्या पैशांबद्दल कुजबूज होतीच, ती वाढत गेली. 'कॅव्हियार डिप्लोमसी', म्हणजे महागड्या भेटी देऊन माणसं आपलीशी करणं, हा शब्द रूढ झाला. अखेर पेसला बाहेरचे चौकशी अधिकारी नेमावे लागले, तिघं, न्यायखात्यातले मुरलेले. एप्रिल २०१८ मध्ये त्यांचा दोनशेहून जास्त पानांचा अहवाल आला. काही आजी-माजी सदस्यांचं वागणं भ्रष्टाचाराच्या स्वरूपाचं होतं असा दाट संशय त्यांनी नोंदवला.

हे कळलं कशामुळे? दोन वह्या वेगळ्या होत्या म्हणून. समजा तेव्हा तिन्ही संस्था मोडून एकच केली असती, एकच प्रमुख, एकच निवेदन. त्या रात्रीच्या खोलीत ५८ टक्क्यांवर कोणीतरी पेन्सिल फिरवली असती आणि सकाळी तक्ता सुरेख जुळला असता. खाली सगळ्यांच्या सह्या.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण मग एकत्र कशाला येतात? प्रत्येकानं आपापलं निरीक्षण करावं." तसंही नाही ना. तिघांकडेही काहीतरी कमी आहे. परिषदेकडे नियम आहेत, १९५० चा मानवी हक्क करार आहे, जवळपास ७० कोटी लोकांना दाद मागता येते असं न्यायालय आहे. पैसा नाही. युनियनकडे पैसा आहे आणि शिक्षा करायची ताकद आहे, पण लोकशाहीचे स्वतःचे तपशीलवार निकष फारसे नाहीत, म्हणून ती परिषदेचे वापरते. २००७ च्या दोघांमधल्या सामंजस्य करारात तसं लिहूनच दिलंय की या विषयांत युरोपभरचा संदर्भबिंदू परिषदच राहील. ओएससीईकडे माणसं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात पोचलेली, पण तिचे शब्द कायद्यानं बांधत नाहीत, फक्त राजकीय वचनं आहेत. १९९० चं कोपनहेगनचं वचनपत्र हे त्यातलं सगळ्यात कामाचं, निवडणुकांच्या बाबतीत तर फारच.

म्हणून देवाणघेवाण चालते. परिषदेचे पूर्व युरोपातले आणि बाल्कनमधले कितीतरी प्रकल्प युनियनच्या पैशावर चालतात. न्यायाधीशांचं प्रशिक्षण, तुरुंगांची सुधारणा असले. एकाची पावती, दुसऱ्याचा माल. व्हेनिस आयोग आणि ओडिर संयुक्त अभिप्राय देतात. मुखपृष्ठावर दोन बोधचिन्हं आणि दोन वेगवेगळे दस्त क्रमांक, एक स्ट्रासबुर्गचा, एक वॉर्साचा. ते दोन क्रमांक मला फार आवडतात. एकच मजकूर, पण दोन दफ्तरांत नोंदलेला.

आणि दात लागतात तेव्हा युनियनचे वापरायचे. पोलंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं न्यायाधीशांची तोंडं बंद करणारा कायदा मंजूर केला, डिसेंबर २०१९ मध्ये. जानेवारी २०२० मध्ये व्हेनिस आयोगाचं तातडीचं मत आलं की यानं न्यायालयांचं स्वातंत्र्य आणखी खच्ची होईल. नुसत्या मतानं पोलंडच्या सरकारात कोणाची झोप उडाली नाही. पण त्याच कायद्यावरून युनियनच्या लक्झेंबुर्गच्या न्यायालयात खटला उभा राहिला, आणि अंतरिम आदेश पाळला नाही म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये दंड बसला. दिवसाला १० लाख युरो. दिवसाला! माझ्या कंपनीचं विलंब शुल्क बघून मला धाप लागते.

अर्थात सगळं वेळेवर होतं असं नाही. हंगेरीनं २०१८ मध्ये निर्वासितांना मदत करणाऱ्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा आणला. व्हेनिस आयोग आणि ओडिरचा संयुक्त अभिप्राय तयार होत होता. तो यायच्या आधीच, २० जूनला, बुडापेस्टच्या संसदेनं कायदा मंजूरच करून टाकला. युनियनच्या न्यायालयाचा निकाल आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. साडेतीन वर्षं. तोवर मदत करणाऱ्यांनी काय करायचं?

आणि सगळ्यात मोठा विनोद तर घरातलाच आहे. ज्या मानवी हक्क कराराचे निकष युनियन सगळ्यांना दाखवते, त्या करारात ती स्वतः नाही. सदस्य देश आहेत, युनियन म्हणून ती नाही. युनियनच्याच लिस्बन करारानं २००९ मध्ये तिच्यावर बंधन घातलं की या करारात सामील व्हायचंच. २०१३ मध्ये मसुदा तयार झाला. १८ डिसेंबर २०१४ रोजी युनियनच्याच न्यायालयानं तो नापास केला, कारण आपल्यावर स्ट्रासबुर्गचं न्यायालय बसलेलं त्याला मानवेना. (कायद्याच्या भाषेत हे पुष्कळ सभ्यपणे लिहिलंय.) २०२० मध्ये बोलणी पुन्हा सुरू झाली. अजून युनियन आत आलेली नाही. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या, परिषदेच्याच इस्तंबूल करारात मात्र ती २०२३ मध्ये सामील झाली. म्हणजे जमतं, जमवायचं असलं की.

ओएससीईचं तर सध्या खरंच 'ओ डिअर' झालंय. तिथे प्रत्येक निर्णय एकमतानं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर परिषदेनं १६ मार्च २०२२ रोजी रशियाला काढून टाकलं. ओएससीईत रशिया अजून बसलेला आहे, आणि एका देशाची मान हलली नाही की सगळं अडतं. २०२१ नंतर कित्येक वर्षं संघटनेचा वार्षिक अर्थसंकल्प मंजूर झाला नाही, आणि ती महिन्यामहिन्याच्या जुळवाजुळवीवर वर्षानुवर्षं ढकलली गेली. हिशेबनीस म्हणून मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. भाची म्हणाली, मग रशियाला इथूनही काढा. मी म्हटलं, रशियाचं त्यामुळे काही बिघडेल असं वाटत नाही. पण जिथे त्याच्या लोकांनी वॉर्साच्या माणसांसमोर उत्तर द्यायचं असतं, अशी युरोपात उरलेली एक खोली बंद होईल. तिला पटलं नाही. मलाही हे ठामपणे सांगता येत नाही.

न्यायालयाजवळ बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे, रंगवलेला. भाचीनं त्याच्यापुढे माझा फोटो काढला. पलीकडे फुटपाथवर कोणीतरी हातानं लिहिलेला फलक घेऊन बसलं होतं, पायाशी फायलींची पिशवी. तिथे असं कोणीतरी बऱ्याचदा असतं. आपला खटला कागदांच्या ढिगात हरवला असं वाटणारं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं तो अहवाल मागितला, माझ्या त्या पहिल्या मोहिमेचा. ओडिरचा अंतिम अहवाल साधारण दोन महिन्यांनी येतो, पत्रकारांचा रस तोवर आटलेला असतो. माझ्याकडे छापून ठेवलेली प्रत आहे. तिनं सोफ्यावर मांडी घालून तीस-चाळीस पानं चाळली. मोजणीच्या परिच्छेदाशी थांबली आणि मोठ्यानं वाचलं. बघितलेल्या मोजण्यांपैकी अमुक इतक्या केंद्रांवर निकालाच्या तक्त्यांवर आधीच सह्या केलेल्या आढळल्या.

"आकडा दिलाय," ती म्हणाली. "यातलं एक तुझं?"

"यातलं एक आमचं."

"आणि पेन्सिल? तो फोन?"

ते अहवालात नाहीये. वॉर्साच्या दफ्तरात कुठेतरी असेल, ठिपक्यांच्या कागदावर, माझ्या अक्षरात. तिनं पान दुमडून खूण करून ठेवली. मी ती घडी सरळ केली आणि पानात ट्रामचं तिकीट घातलं.